ट्रायलच्या आदल्या रात्री माझ्याकडे सुई मागायला येऊ नका



गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला दवाखाना बंद करत होतो. तेवढ्यात एक वडील आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा आले. मुलगा उजव्या पायावर भार न देता चालत होता. वडील म्हणाले, "डॉक्टर साहेब, उद्या सकाळी पोराची ट्रायल आहे. कबड्डीची नवीन टीम बनायली, सीझनच्या आधी पोरं खेळवून बघायलेत. गुडघा दुखायलाय, तेवढी एक जोरात सुई मारा. आणि दीड किलो वजन जास्त भरायलंय, लघवीची गोळीबी लिहून द्या."

मी दोन्ही दिलं नाही. वडील नाराज झाले. जाताना म्हणाले, "तुम्ही नाही दिलं तर दुसरीकडं भेटंल." ते खरंच होतं, दुसरीकडे मिळतं. म्हणून हा लेख लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी खेळाच्या विरोधात नाही, आणि ट्रायलच्या तर मुळीच नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपल्या भागातल्या पोरांना टीव्हीवर आपल्यासारखी पोरं दिसली. २०२२ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख मिळाले, पुढच्या वर्षी २ कोटी ६० लाखांच्या वर. नगर जिल्ह्यातल्या साध्या घरातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कप्तान झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या संघानं स्पर्धा जिंकली. अंकुशनगर, महाकाळा, वडीगोद्री, शहागड या पट्ट्यातल्या पोरासमोर एरवी काय असतं? कारखान्याचा हंगाम, ऊस, नाहीतर पोलीस भरती. त्यात कुणी म्हणालं की चल, तुझी चढाई बघतो, तर पोरगं रात्रभर झोपणार नाही. हे मला कळतं. माझा राग त्या स्वप्नावर नाही, आदल्या रात्रीच्या सुईवर आहे.

त्या मुलाला मी टेबलावर झोपवून विचारलं. तीन आठवड्यांपूर्वी सरावात पकडीत पाय अडकला, गुडघ्यात "कट्" असा आवाज आला, आणि दोन तासांत गुडघा सुजला. तेव्हापासून जिना उतरताना पाय "निसटतो". वाचकांनो, ही तीन लक्षणं लक्षात ठेवा: आवाज, काही तासांत आलेली सूज आणि पाय निसटणं. एवढ्या लवकर येणारी सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साठलेलं असतं, आणि तरुण खेळाडूमध्ये त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा दोर तुटणं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना पुढेमागे घसरण्यापासून हाच दोर रोखतो. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. त्यामुळे "फोटो नॉर्मल आलाय" या वाक्याला इथे अर्थ नाही.

आता सुई काय करते? डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक दुखणं आणि सूज काही तासांपुरती कमी करतं. दोर जोडत नाही. दुखत असताना मुलगा पाय जपून टाकतो, आणि ते जपणंच उरलेला गुडघा वाचवत असतं. दुखणं बंद केलं की तो पूर्ण ताकदीनं वळतो, हाडं एकमेकांवर घसरतात आणि मधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. मग एका दुखापतीच्या दोन होतात. सोबत बऱ्याचदा स्टेरॉइडची सुईही ठोकली जाते, डेक्सामेथासोनची. पोराला एकदम ताजंतवानं वाटतं, बापाला वाटतं डॉक्टर भारी आहे. पण १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन घेणं जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत बंद आहे. हे सुई देणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्याला तर नसतंच.

पवन सेहरावतचंच बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये, सगळ्यात महागडा खेळाडू म्हणून उतरला आणि हंगामातल्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. उरलेला हंगाम तो खेळला नाही. उपचार घेतले, महिनोन्‌महिने व्यायाम केला, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताचा कप्तान म्हणून सुवर्णपदक घेऊन आला. सव्वादोन कोटींचा गुडघा हंगामभर थांबू शकतो, मग आपल्या पोराचा गुडघा एक ट्रायल का थांबू शकत नाही? शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने लागतात. तरीही परतता येतं. फाटलेली गादी आणि झिजलेलं हाड घेऊन मात्र पंचविशीत गुडघा म्हातारा होतो, आणि त्याच गुडघ्यानं पुढं शेतही करायचं असतं.

आता दुसरी मागणी, लघवीची गोळी. ही मला सुईपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. गावोगावी ६५ किलो गटाच्या स्पर्धा भरतात, ट्रायललाही काटा असतो. पोरं दोन दिवस पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून पळतात, वर फ्युरोसेमाइडची गोळी घेतात. काटा खाली येतो, पण चरबी तशीच राहते. शरीरातलं पाणी आणि क्षार तेवढे निघून जातात. रक्त घट्ट होतं, पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याच कोरड्या शरीरात डायक्लोफिनॅकची सुई गेली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. चांगल्या धडधाकट पोराचं क्रिएटिनिन दोन दिवसांत वाढलेलं मी पाहिलं आहे. आणि हे सगळं झाल्यावर तो एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, पारा चाळिशीपार असताना, दुपारी बाराला मॅटवर उतरतो.

हे मी घाबरवायला सांगत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत साधारण महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर असंच झटपट वजन उतरवताना मेले. बंद खोलीतली उष्णता, घाम न सुकू देणारे रबरी कपडे, पाणी बंद. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि लघवीची औषधं बंद झाली, वजनाची वेळ सामन्याजवळ आणली.

यावर लगेच उत्तर येतं: "अमन सेहरावतनं पॅरिसला रात्रीत साडेचार किलो उतरवलं की!" उतरवलं, आणि कांस्यपदक घेतलं. पण त्याच्यासोबत रात्रभर प्रशिक्षक होते आणि आयुष्यभराची शिस्त होती. त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाट सगळं करूनही १०० ग्रॅमनं बाहेर गेली आणि दवाखान्यात सलाईनवर होती, ते आपण का विसरतो? तिच्याभोवतीही डॉक्टर होते. तुमच्या पोराभोवती कोण आहे?

शिवाय फ्युरोसेमाइड बंदी असलेल्या यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. लघवीच्या चाचणीत सापडलं तर दोन ते चार वर्षांची बंदी येऊ शकते. अठराव्या वर्षी चार वर्षं बाहेर बसलेल्या पोराला पुन्हा कोण बोलावणार?

आयोजकांबद्दलही बोलायला हवं. ट्रायलची रील झकास असते. पाहुणे, हार, डीजे सगळं असतं, पण मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका नसते, बर्फ नसतो, कधीकधी प्यायचं पाणीही पोरं घरून आणतात. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हापासून एक-दोन पोरं मला रग्बीबद्दलही विचारतात. त्या खेळातली एक गोष्ट कबड्डीवाल्यांनी जरूर उचलावी. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी पोरगं बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बीच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला, आणि गेला. पहिल्या माराने मेंदू नाजूक झालेला असताना दुसरा मार बसला. आपल्याकडे पकडीत डोकं आपटलं, पोरगं गरगरलं, की तोंडावर पाणी मारून "उठ वाघा" म्हणतात. वाघाला उठवू नका. त्याला बाजूला बसवा. उलटी झाली, बोलणं अडखळलं, झोप अनावर झाली किंवा डोकं वाढत्या जोरानं दुखू लागलं तर थेट जालन्याला नाहीतर संभाजीनगरला न्या. आणि उन्हात कुणी बरळू लागला, पाय लटपटले, तर गाडी शोधत बसू नका. आधी सावलीत घेऊन कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि गार करत करतच न्या.

फिटनेस सर्टिफिकेट हा एक वेगळाच तमाशा आहे. "साहेब, पोरगं बाहेर गाडीवर बसलंय, तुम्ही नुसती सही करा." न तपासता केलेली सही म्हणजे शिक्का मारलेलं खोटं. खरी तपासणी फार मोठी नसते. पळताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखतं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, एवढे प्रश्न, रक्तदाब, स्टेथोस्कोप, आणि शंका आली तर ईसीजी. वीस मिनिटं लागतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार काही घराण्यांत असतो आणि त्याची पहिली खूण कधीकधी मैदानातच दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या धंद्यातल्या लोकांवरही माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. आपण दिलं नाही तर पेशंट शेजाऱ्याकडे जाईल, ही भीती मलाही तीस वर्षं ओळखीची आहे. त्या भीतीपोटी मीही सुरुवातीच्या काळात अशा सुया दिल्या आहेत. त्यातला एक जण आता चाळिशीचा आहे, पाय ओढत येतो, बीपीची गोळी घेतो, आणि अजून मला नमस्कार करतो.

तुम्ही करायचं ते असं: ट्रायलच्या तीन आठवडे आधी या, आदल्या रात्री नको. वजन कमी करायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलो, जेवण आणि व्यायामातून, पाणी न तोडता. वयात येणाऱ्या पोराचं वजन वाढतच असेल तर वरचा गट खेळू द्या. आयोजकाला फोन करून तीन गोष्टी विचारा: डॉक्टर कोण, गाडी कुठे, सामने किती वाजता. उत्तर अडखळत आलं तर पोराला घरी ठेवा आणि माझं नाव सांगा, शिव्या मी खाईन.

त्या रात्रीच्या मुलानं दुसरीकडे सुई घेतली आणि तो खेळला, असं मला मेडिकलवाल्याकडून कळलं. निवड झाली की नाही, ते कळलं नाही. त्याचे वडील हे वाचत असतील तर भाऊ, सोमवारी सकाळी पोराला घेऊन या. एमआरआयची चिठ्ठी देतो, पैशाचं नंतर बघू. येताना त्या सुईची रिकामी बाटली किंवा नाव लिहिलेला कागद असेल तर सोबत आणा, आणि दोन दिवसांत लघवी कमी झाली असेल तर सोमवारची वाट न बघता आजच या.