प्राणी आणण्याआधी

मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प कायद्यानुसार ५ फेब्रुवारीपर्यंत मांडावा लागतो. रस्ते, पूल, रुग्णालये यांचे आकडे चाळून झाले की मुंबईकर राणीच्या बागेत यंदा कोणता नवा प्राणी येणार ते शोधू लागतो. हे कुतूहल लोभस आहे. १८६२ मध्ये वनस्पती उद्यान म्हणून खुली झालेली, पुढे प्राण्यांचीही झालेली आणि आज वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिरवणारी ही बाग गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांना हक्काची वाटत आली. तेव्हा तिथल्या नव्या पिंजऱ्यांवर पैसा खर्च व्हावा, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र पिंजऱ्याचे बांधकाम मंजूर होते त्याच बैठकीत, त्यात राहणाऱ्या जिवाच्या उभ्या आयुष्याचा खर्चही मंजूर झाला पाहिजे.

पेंग्विनांचा अनुभव अजून ताजा आहे. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हा त्यांचे कायमचे घर तयार नव्हते. ते विलगीकरण कक्षातच राहिले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतली एक मादी दगावली. लोकांना पेंग्विन पाहायला मिळाले ते मार्च २०१७ मध्ये. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरात गेले. त्यानंतरची पिल्ले जगली, वाढली, आणि याचे श्रेय तिथल्या पशुवैद्यांना व कर्मचाऱ्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे. मे महिन्यात त्या काचेसमोर उभे राहून पाहा. बाहेर सदरा पाठीला चिकटलेला असतो. आतली हवा मात्र सोळा-अठरा अंशांवर राखलेली. त्यासाठी यंत्रे दिवसरात्र चालतात, पाणी सतत गाळले जाते. काळजीवाहू बादली घेऊन आत येतो आणि एकेका पक्ष्याला हाताने मासळी भरवतो, कारण कोणी घास नाकारला तर ते आजच कळायला हवे, उद्या नाही. अर्थसंकल्प बारा महिन्यांचा असतो. चांगली देखभाल मिळालेला पेंग्विन वीस वर्षे सहज जगतो.

भांडवली खर्चाला फीत असते, कोनशिला असते. काळजीवाहूची जागा भरली म्हणून फीत कोणी कापत नाही. रात्रपाळीचा पशुवैद्य, रक्त तपासायची प्रयोगशाळा, प्रदर्शनी भागामागे प्राण्याला लोकांच्या नजरेआड विसावता येईल असा निवारा, हे सारे प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणूनच काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिथे पडते. २०१७ मध्ये बागेचे प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेले, तेव्हा बरीच ओरड झाली. चार जणांच्या कुटुंबाला शंभर रुपये ही सवलत ठेवली गेली, ती योग्यच होती. पण त्या वाढीव पैशातला ठरावीक हिस्सा देखभालीसाठीच राखून ठेवावा, असे बंधन हवे. प्रेक्षकाने प्राण्याला पाहण्यासाठी दिलेला पैसा आधी प्राण्याच्या ताटात जावा.

कोणते प्राणी आणायचे, या आराखड्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. प्राणिसंग्रहालयाला प्राणी बाजारातून उचलून आणता येत नाही. देशातल्या मान्यताप्राप्त संग्रहालयांशी देवाणघेवाण करायची, तीही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मंजुरीने. बागेला हव्या असलेल्या सिंहांच्या बदल्यात जुनागढच्या प्राणिसंग्रहालयाने झेब्रे मागितले. झेब्रे परदेशातून आणायचे ठरले, आणि घोड्यांना होणाऱ्या एका आफ्रिकी रोगाच्या भीतीपायी परवानगी अडली. आपल्याच शेजारी शोधले तेव्हा काम साधले. फेब्रुवारी २०२० मध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वीरा जन्मली. महाराष्ट्राकडे दाखवण्यासारखे काय कमी आहे? आपला राज्यप्राणी शेकरू किती मुंबईकर मुलांनी पाहिला आहे? हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास करून ती निसर्गात सोडण्याचे काम चालते, दार्जिलिंगचे प्राणिसंग्रहालय तांबड्या पांडांसाठी तेच करते. आपल्या एखाद्या संग्रहालयाने एका देशी प्रजातीची अशी जबाबदारी घेतली, तर तिच्यासाठी मागितलेल्या प्रत्येक रुपयाला आम्ही आनंदाने पाठिंबा देऊ.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार अस्वस्थ करते. हत्तीवर बसून फेरी मारणे हा एके काळी बागेतला मोठा आनंद होता. २००९ मध्ये प्राधिकरणानेच ठरवले की प्राणिसंग्रहालयात हत्ती ठेवू नयेत. निर्णय रास्त होता, पण हत्ती साठ वर्षे जगतो. माणसांचे मत बदलले तरी त्याचे उरलेले आयुष्य कुठेतरी काढायचेच असते. आज हौसेने आणलेल्या प्राण्याविषयी तीस वर्षांनी काय वाटेल, याचा विचार आजच्या आराखड्यात असला पाहिजे. झाडांच्या बाबतीत तो विचार नागरिकांनी केला. बागेचा कायापालट करणारा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा काही महिलांनी पुढाकार घेऊन गोरखचिंच, उर्वशी यांसारख्या दुर्मीळ वृक्षांसाठी लढा दिला. बागेला वारसा दर्जा आहे हे त्यांनी यंत्रणेला विसरू दिले नाही. प्राण्यांसाठीही असेच चिकाटीने भांडणारे लोक हवे आहेत.

बाग पन्नासेक एकरांची, चारी बाजूंनी शहराने वेढलेली. शेजारच्या मफतलाल गिरणीच्या जमिनीवर विस्ताराचे बेत रंगतात आणि त्याबरोबर परदेशी प्राण्यांची यादीही लांबत जाते. ती जागा हाती येईल तेव्हा तिच्यावर पहिला हक्क आज बागेत असलेल्या प्राण्यांचा असावा. ज्यांना पळायला, लपायला, एकमेकांपासून दूर जायला जागा अपुरी आहे, त्यांचे आवार आधी वाढवा. उरलेल्या जमिनीवर सुसज्ज पशुरुग्णालय आणि ऐसपैस विलगीकरण कक्ष बांधा, आणि ते चालवणाऱ्या माणसांच्या पदांची तरतूद बांधकामाच्या पानावरच दाखवा.