घरात खुर्चीच नसेल तर? ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाचा प्रश्न

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा ऑक्युपेशनल थेरपीचा पदवी अभ्यासक्रम आहे. आधी शिक्षण आणि मग इंटर्नशिप. नीट देऊन आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुलीही या शाखेकडे येत आहेत. पण शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला पुढे काय, असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: शहरातलं खासगी क्लिनिक. मग गरीब अपंग माणसाच्या घरी कोण जाणार?

2021 साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. शिक्षण आणि नोंदणीची देशपातळीवरची चौकट त्यातून घडते आहे. त्यामुळे शेवटच्या वर्षात काय शिकवायचं, ही चर्चा आत्ताच व्हायला हवी.

एक उदाहरण घेऊ. अर्धांगवायूच्या रुग्णाचं स्वावलंबन मोजायला बार्थेल इंडेक्स वापरतात. दहा बाबी, एकूण 100 गुण. जेवण, आंघोळ, कपडे, शौचालय, खाटेवरून खुर्चीत बसणं, जिना चढणं वगैरे. मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवरून उठणं यांना त्यात स्वतंत्र गुण नाहीत. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मात्र खुर्ची नसते. आंघोळ मोरीत, शौचालय सार्वजनिक, तेही गल्लीच्या टोकाला. वॉर्डात चांगले गुण मिळवून घरी आलेली बाई दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या हातावर अवलंबून राहते. यात मोजपट्टीचा दोष कमी, घर न पाहता दिलेल्या सुट्टीचा जास्त.

कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपी शाळा सुरू केली. माणसाला त्याचं रोजचं काम पुन्हा करता यावं, हाच या शाखेचा गाभा. गवंड्याला थापी धरता आली का, घरकामाला जाणाऱ्या ताईला फडकं पिळता आलं का, हे विचारल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही.

म्हणून शेवटच्या वर्षात तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. पहिली, घरभेट. प्रत्येक विद्यार्थ्याने काही रुग्णांचं घर आणि कामाची जागा पाहावी आणि तिथे चालेल असा बदल सुचवावा. दुसरी, कागदपत्रं. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. पण यूडीआयडी कार्ड कसं काढायचं, एडिप योजनेतून साधनं कशी मिळतात, हे थेरपिस्टला ठाऊक नसेल तर ते हक्क कागदावरच राहतात. तिसरी, स्वतःची नोकरी. परिषदेकडची नोंदणी, लेखी नियुक्तिपत्र, कामाचे तास, पगार यांची माहिती कॉलेजातच मिळावी. घरातून पहिल्यांदाच या क्षेत्रात आलेल्या मुलांना हे सांगणारं दुसरं कोणी नसतं, आणि ‘अनुभव मिळेल’ म्हणून तुटपुंज्या पैशांत राबवून घेतलं जातं ते त्यांनाच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जी मुलगी अशाच खोलीत अभ्यास करून शेवटच्या वर्षापर्यंत पोचली, तिला मोरी, शेगडी आणि गल्लीचं गणित आधीच माहीत असतं. ते ज्ञान या व्यवसायात मोलाचं आहे. पण वर्गात तिची ओळख ‘इंग्रजी कच्चं’ एवढीच राहते. आईला मराठीत व्यायाम समजावून सांगता येणं हेही कौशल्य आहे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्यालाही गुण हवेत.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखं बरंच आहे. आपल्या तालुक्यातले या शाखेचे विद्यार्थी शोधा, त्यांची नोकरीला लागलेल्या सिनियरशी गाठ घालून द्या. वस्तीतल्या अपंगांची यादी करा. कॉलेजशी बोलून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, महिन्यातला एक रविवार विहारात तपासणी ठेवा. विद्यार्थ्याला खरं काम शिकायला मिळेल आणि रुग्णाला दारात माणूस भेटेल. पदवीदान समारंभाच्या फोटोपेक्षा समाजाच्या उपयोगी पडेल ते हे.