उघड्या जीपचा आवाज आणि मागच्याचा हॉर्न



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की आपल्या भागात दोन दुकानांतली गर्दी वाढते. एक सराफाचे, आणि दुसरे गाड्यांना साऊंड बसवून देणाऱ्याचे. सराफाकडे गेलेला पैसा अडीअडचणीला मोडता तरी येतो. साऊंडमध्ये घातलेला पैसा मोडायला गेलात तर निम्माही हाती येत नाही. म्हणून तो घालण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधीच सांगून टाकतो, गाण्याला आमचा विरोध नाही. दिवसभर रानात राबलेल्या तरुणाने संध्याकाळी जीपमध्ये चार गाणी ऐकली म्हणून त्याला नावे ठेवणे हा म्हातारपणाचा चाळा झाला. शिवाय जीप आणि आवाज यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही गाडी खेडोपाडी पोचली. निवडणुकीचा प्रचार असो, तमाशाच्या फडाची दवंडी असो, की टुरिंग टॉकीजची जाहिरात. टपावर भोंगा बांधलेली जीप गावात शिरली, की पोरे मागे धावत. तेव्हा उघड्या जीपला आवाज नको, असे आम्ही म्हणत नाही. आवाज कसा हवा, किती हवा आणि कुठे हवा, हा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की उघडी जीप म्हणजे बंद मोटार नव्हे. बंद मोटारीच्या काचा, टप आणि दारे मिळून एक पेटी तयार होते. त्या पेटीत ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा खालचा आवाज कोंडला जातो आणि भारदस्त वाटतो. जीपचे हूड काढले की पेटीच नाहीशी होते. खालचा आवाज सगळा वाऱ्यावर. मग माणूस दुकानात जातो, दुकानदार त्याला मोठी बेस ट्यूब दाखवतो, आणि हा भाबडा ती मागच्या बाकाखाली बसवून घेतो. रस्त्याला लागल्यावर लक्षात येते, की दणका फक्त पत्र्याला बसतो, कानाला नाही. घागरीतले पाणी शेतात ओतून विहीर भरल्याचा आनंद मानावा, तसला हा प्रकार.

दुसरी गोष्ट वॉटची. दुकानातल्या खोक्यावर आकडे केवढाले असतात! हजार वॉट, दोन हजार वॉट. हे आकडे बहुधा क्षणभराच्या कमाल जोराचे असतात. सतत किती वॉट मिळतात, ते 'आरएमएस' या शब्दापुढे बारीक अक्षरात छापलेले असते. तोच आकडा खरा मानावा. आणि तो खरा आकडा दुप्पट केला तरी आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल वाढ लागते, आणि तेवढ्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. ५० वॉटचे १०० केले म्हणून शेजाऱ्याला फुशारकी सांगता येईल, पण कानाला फारसे काही मिळणार नाही.

मग उपाय काय? जुना भोंगाच आपल्याला उत्तर देतो. वीस-तीस वॉटच्या मशिनवर चालणारा भोंगा गावाच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत ऐकू जायचा. कारण त्याच्या तोंडाचा आकारच असा, की मिळालेल्या विजेतला पुष्कळ भाग आवाजात उतरतो. गाण्याला तो उपयोगाचा नाही, कारण खालचे सूर त्यातून निघत नाहीत. पण धडा घेण्याजोगा आहे. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते तो सांगतो. ८७ च्या स्पीकरऐवजी ९० चा घेतला, तर ॲम्प्लिफायर दुप्पट केल्याइतका फायदा होतो आणि बॅटरीवर जादा भार मुळीच पडत नाही. गाय घेताना आपण शिंगे बघत नाही, दूध बघतो. तसेच हेही.

तिसरी गोष्ट जागेची, आणि ही जवळजवळ फुकटात होणारी सुधारणा आहे. पुष्कळ जुन्या जीपमध्ये स्पीकर पायाशी असतात. म्हणजे गाणे ऐकायचे ते नडगीने! उघड्यावर अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. तेवढी वाढ वॉटने मिळवायची तर ते चौपट करावे लागतील. म्हणून स्पीकर डोक्याजवळ आणावेत. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नव्या 'थार'मध्ये कंपनीनेच स्पीकर वरच्या बाजूला दिले, ते काही उगाच नव्हे. जुन्या जीपला रोल बार असेल तर त्याला पट्ट्यांनी आवळून बसणारे बंद डब्याचे स्पीकर मिळतात. मात्र रोल बारला भोके पाडू देऊ नका. गाडी उलटली तर तुमचे डोके वाचवणारा तो बार आहे. भोकातून पाणी शिरून तो आतून गंजला, तर गाण्यापायी जीव जायचा.

चौथी गोष्ट पाण्याची आणि धुळीची. आपल्याकडे आठ महिने फुफाटा आणि चार महिने पाऊस. कागदी पडद्याचा, फोमच्या कडेचा स्पीकर उघड्या जीपमध्ये फार दिवस टिकत नाही. प्लॅस्टिकच्या जातीचा पडदा आणि रबराची कड असलेला, होडीसाठी करतात त्या पद्धतीचा स्पीकर घ्यावा. 'आयपी' या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसते. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. जीपला ६५ पुरे. पण पुरे म्हणून सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचा पाइप थेट स्पीकरवर धरू देऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. साऊंड बसविण्यात पैसा वाया गेला तर तो पुढच्या हप्त्याला भरून निघेल. पण वायरिंग चुकले तर गाडी जाते, कधी गाडीसोबत माणूसही. खऱ्या ३०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीस-चाळीस अँपिअर ओढतो. जुन्या पद्धतीच्या दोन हेडलाइटना मिळून नऊ-दहा अँपिअर लागतात. म्हणजे हेडलाइटच्या तीन-चार जोड्या एकदम पेटवल्याइतका हा भार! तो बारीक वायरीवर टाकला, की वायर तापते, वरचे रबर वितळते आणि बोनेटखाली डिझेलच्या पाइपाशेजारी ठिणगी पडते. तेव्हा तीन नेम पाळलेच पाहिजेत. वायर भाराला साजेशी जाड हवी. फ्यूज बॅटरीपासून हात-दीड हाताच्या आत हवा. ॲम्प्लिफायरजवळ बसवलेला फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवतो, गाडी नाही. आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी वायसर हवाच, नाहीतर धक्क्याधक्क्याने पत्रा वायर कापतो. अर्थिंगचे टोक रंगावर आवळू नये; रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळावे.

इंजिन बंद ठेवून गाणी लावणाऱ्यांनी एक हिशेब करावा. ६० अँपिअर-तासाची बॅटरी २० अँपिअर भाराने कागदावर तीन तास पुरते. प्रत्यक्षात तिच्या निम्मीच उतरली तरी स्टार्टर कण्हू लागतो. लग्नाच्या वरातीत जीप पुढे आणि ढकलणारे मागे, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता कानाविषयी. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत सोसावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा कामगारांच्या आरोग्याचा एक मान्य हिशेब आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. उघडी जीप हमरस्त्याला जोरात पळू लागली, की वाऱ्याचा आणि टायरचाच आवाज ८५ च्या आसपास जाऊ शकतो. त्याच्या वर गाणे ऐकायचे म्हणजे ९० च्या पुढे जाणे आले. आपल्या कारखान्यात मिल विभागात आणि टर्बाइनजवळ काम करणाऱ्या कामगारांना विचारा, कान गेला म्हणजे काय होते ते. तो एका दिवसात जात नाही, आणि गेलेला परत येत नाही. म्हणून उघड्या जीपमध्ये गाणे ऐकायचे तर वेग कमी करावा, आवाज वाढवू नये. साठने चालवा, गाणेही ऐकू येईल आणि खड्डाही दिसेल.

आणि आता ज्यासाठी हे सगळे लिहिले, ती गोष्ट. जीपचे वेड जीपपुरते राहिलेले नाही. तेच ॲम्प्लिफायर, त्याच बेस ट्यूब आता ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चढल्या आहेत. ट्रॅक्टर हेही उघडेच वाहन. इंजिनचा आवाज समोर, गाण्याचा आवाज कानाशी, आणि मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरला मागचे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मागून येणारी एस.टी., मोटारसायकल, कधी दवाखान्याकडे निघालेली गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकते आणि शेवटी धोका पत्करून बाजू काढते. समोरून दुसरे वाहन आले, की व्हायचे ते होते. बैलगाड्यांच्या रांगेजवळून असा ट्रॅक्टर दणदणत गेला, की बैल बुजतात. गाडीवान जू धरून कसा लोंबकळतो, ते तळावर जाऊन बघावे.

यावर ड्रायव्हर मंडळींचे म्हणणे असे, की रात्रपाळीला झोप येते, गाण्याने डोळा लागत नाही. त्यांचे म्हणणे आम्ही थट्टेवारी नेत नाही. फडात भरणीसाठी ताटकळायचे, काट्यावर रांगेत बसायचे आणि पुन्हा फडाकडे निघायचे, हे हाल ज्याने भोगले त्याला विचारावे. पण झोपेवर औषध झोप हेच आहे. आवाजाने डोळा उघडा राहतो, मेंदू जागा राहतोच असे नाही. दोष सगळा ड्रायव्हरवर टाकणेही बरोबर नाही. खेपांवर पैसे मिळणार असतील तर माणूस झोप मोडूनच खेपा करणार. तेव्हा ट्रॅक्टरमालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवणे, आणि कारखान्याने गाड्या अड्ड्यावर तुंबणार नाहीत असा तोडणी कार्यक्रम आखणे, ही दोघांची जबाबदारी आहे.

कायदाही आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून वाहनाच्या आवाजाचे ठरवून दिलेले मान मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने वागणे हे सहकाराचे लक्षण नव्हे. रस्त्यावर मागे अडकलेला माणूस बहुतेक वेळा आपलाच सभासद असतो, नाहीतर आपल्याच सभासदाचे शाळेला निघालेले पोर असते.

यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वाहतूक करारात एक साधी अट असावी: भरलेल्या ट्रॉल्या ओढताना गाण्याचा आवाज एवढाच, की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू यावा. तपासणीला यंत्र नको. शेवटच्या ट्रॉलीमागे वीस पावलांवर मोटारसायकल उभी करून हॉर्न द्यावा. ड्रायव्हरने मान वळवली तर पास, नाहीतर नापास. दुसरी, साऊंड बसविण्याआधी दोन्ही बाजूंचे आरसे, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर बसलेच पाहिजेत. ज्याच्याकडे ॲम्प्लिफायरला पैसा आहे, त्याच्याकडे रिफ्लेक्टरला नाही, असे कसे म्हणावे? तिसरी, हंगाम सुरू होण्यापूर्वी वर्कशॉपमध्ये एक दिवस ठरवून, कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने सभासदांच्या जीप व ट्रॅक्टरांचे वायरिंग आणि फ्यूज तपासून द्यावेत. खर्च थोडा, लाभ मोठा.

तरुण सभासदांना एवढेच सांगणे आहे. जीप उघडी घ्या, हौसेने सजवा, स्पीकर चांगले बसवा. पण ज्या साऊंडने शेजारच्या बाकावरच्या मित्राला गाण्याचे बोल कळतात तो चांगला, आणि जो तीन शेतांपलीकडच्या आजाऱ्याला जागे करतो तो वाईट, ही खूणगाठ बांधा. वरील सूचनांवर ज्यांना काही म्हणायचे असेल, अनुकूल वा प्रतिकूल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात लेखी द्यावे. विशेषतः ट्रॅक्टरमालक व ड्रायव्हर बंधूंनी लिहावे. करार होण्यापूर्वी हा विषय बैठकीपुढे यावा, अशी इच्छा आहे.