उसाची यादी पेन ड्राइव्हवर नको



तोडणी लांबली की सभासद पहिल्यांदा शेतकी खात्याला धरतात. धरावेच. पण पाळी चुकते ती दर वेळी टोळीमुळे नव्हे, पुष्कळदा यादीमुळे.

लागण नोंदी मुख्य संगणकात असतात. तिथून यादी पेन ड्राइव्हवर काढायची, सात रस्त्यावरच्या कार्यालयात एक प्रत, गट ऑफिसला दुसरी, हिशोब खात्याला तिसरी. मग प्रत्येक जण आपापल्या प्रतीत दुरुस्ती करतो. झेरॉक्सवर खाडाखोड केली म्हणून सातबारा बदलतो काय? जुलैची आडसाली एका यादीत ऑगस्टची होते आणि ऊस मागे पडतो. पक्व ऊस उभा राहिला की दशी पडते, पांगशा फुटतात, वजन घटते. हे नुकसान कुणाचे, ते सांगायला नको.

बिलाचेही तेच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. त्यातले दोन दिवस याद्या जुळवण्यात घालवणे कुणालाच परवडणारे नाही.

माझे मत असे की, मुख्य संगणकाने रोज रात्री यादी थेट नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरात टाकावी आणि सर्वांनी तीच वाचावी. यात एक मेख आहे. आपल्या टेबलावर तो फोल्डर ‘झेड’ अक्षराने दिसतो. पण पुष्कळदा फाइल लिहिते ती मुख्य संगणकातली डेटाबेस सेवा. तिला हे ‘झेड’ ठाऊक नसते. फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो, आणि लिहिण्याचा अधिकारही त्या सेवेच्या खात्याला. साहेबांना अधिकार आहे, एवढ्याने भागत नाही. शिवाय फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे. नाहीतर कुणीतरी अर्धी यादी उघडून तोडणीचा कार्यक्रम लावील!

गट ऑफिसला फक्त वाचण्याची मुभा असावी. दुरुस्ती मूळ नोंदीतच व्हावी. बँक खाते आणि आधार क्रमांक या यादीत मुळीच नकोत. तोडणीला त्यांचा काय उपयोग?

संचालक मंडळाने हंगामाआधी हे मनावर घ्यावे. तोवर सभासदांनी नोंद पावतीवरची लागण तारीख, जात आणि गट नंबर वाचून पाहावा. चूक दिसली तर सातबारा घेऊन गट ऑफिसला यावे.

— ऊस विकास अधिकारी