मोटारखान्यावरील माडी व विजेच्या तारा

पुण्याच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, बंगल्यामागील मोटारखान्यावरची अडगळीची माडी पुतण्याच्या बिऱ्हाडासाठीं राहती करण्याचें चाललें आहे. खालीं एक दिवा व एक प्लग पूर्वींपासून आहेच, त्याचीच तार वर नेली तर पुरणार नाहीं काय? काम करणाऱ्या वायरमनचें मत ‘पुरेल’ असें पडलें आहे. आमचें मत उलट आहे, आणि तें नुसतें मत राहूं नये म्हणून आधीं गणितच मांडूं.

सहा दिवे प्रत्येकीं 9 वॉट, म्हणजे 54. तीन पंखे प्रत्येकीं 75, म्हणजे 225. फ्रीजचे 200 धरूं. येथपर्यंत सारें सौम्य आहे. परंतु न्हाणीघरांत 2000 वॉटचा गीझर येणार, चहाला इंडक्शनची शेगडी तितक्याच भाराची येणार, आणि पत्र्याखालच्या माडीवर वैशाखांत ए. सी. नको म्हणणारा तरुण आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाहीं. त्याचे सुमारें 1700. बेरीज 6179 वॉट. तीस 230 व्होल्टांनीं भागिलें असतां प्रवाह सुमारें 27 अँपिअर येतो. सर्व उपकरणें एकाच क्षणीं चालत नाहींत, हें खरें. पण सकाळीं साडेसहाला गीझर व शेगडी एकदम लागतात, आणि त्या दोहोंचेच 17 अँपिअर होतात.

दिव्याची तार बहुधा 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटर छेदाची असते. ती इतक्या ओझ्यासाठीं जन्मलेलीच नव्हे. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. भिंतीच्या पोटांतील नळींत ती बाहेर पडण्यास वाट नसते. वर्षानुवर्षें तापून तारेवरचें वेष्टन ठिसूळ होतें, तडकतें. आणि येथें तर खालीं मोटार व तिच्या टांकींत पेट्रोल! हा प्रकार एका रात्रींत घडत नाहीं, म्हणूनच ‘पुरेल’ म्हणणारा मनुष्य वर्ष-दोन वर्षें खरा ठरतो.

फ्यूज आहेच, असें कोणी म्हणेल. पूर्वीं फ्यूजची तार वारंवार जाऊं लागली म्हणजे तिच्या जागीं जाड तार गुंडाळण्याची चाल घरोघर होती. आतां एम. सी. बी. आली, तर 6 अँपिअरची काढून 32 ची बसवितात व तेंच पुण्य जोडतात. ती कळ तारेच्या रक्षणासाठीं आहे. तारेच्या शक्तीपेक्षां मोठी कळ बसविली तर रक्षक झोपीं गेला असेंच समजावें.

तेव्हां माडीसाठीं बंगल्याच्या मुख्य पेटींतून स्वतंत्र केबल आणावी. अंतर 25 मीटर धरलें, तर 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलींत 27 अँपिअरला सुमारें 5 व्होल्ट वाटेंत खर्च होतात, 1.5 च्या तारेंत तेच 20 च्या घरांत जातात. वर माडींत लहान पेटी बसवून तेथून शाखा कराव्या: दिवे-पंख्यांस 1.5 ची तार, साध्या प्लगांस 2.5 ची, आणि गीझर, शेगडी व ए. सी. यांस प्रत्येकीं 4 ची वेगळी. भार वाढला म्हणजे वीजकंपनीकडून मंजूर भारहि वाढवून घ्यावा लागतो. तो अर्ज आधींच करावा.

एम. सी. बी. तार राखते, माणूस नव्हे. माणसासाठीं 30 मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. निराळी लागते. गेलेला प्रवाह व परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. तेवढाहि फरक पडला तर वीज कोठें तरी भलत्या वाटेनें, कदाचित् कोणाच्या ओल्या हातांतून, चालली आहे असें समजून ती क्षणार्धांत तोडते. हिच्या जोडीला अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक प्लगापर्यंत गेलीच पाहिजे. (अर्थावांचून वाक्य जसें, तशी अर्थिंगवांचून जोडणी, जुन्या मास्तराची ही कोटी वाचकांनीं सोसावी.) गीझरचें बटण न्हाणीघराबाहेर असावें, हें सांगणें न लगे.

आतां मोटारीकडे वळूं. आजची मोटार पेट्रोलची असली तरी पुढची विजेची असण्याचा संभव पुष्कळ आहे. तिचा घरीं लावावयाचा 7.2 किलोवॉटचा चार्जर एकटाच 31 अँपिअर ओढतो, म्हणजे साऱ्या माडीहून अधिक! तो आज घेऊं नये. पण बंगल्यापासून चर खणलाच आहे तर त्यांत एक रिकामी रुंद नळी टाकून ठेवावी. उद्यां फरशी फोडण्यापेक्षां ती फार स्वस्त पडेल. भिंतींतहि गिलाव्यापूर्वीं एक-दोन नळ्या रिकाम्या सोडाव्या, आणि उघड्या भिंतींचीं छायाचित्रें मोजपट्टी धरून घ्यावीं. पुढें खिळा ठोकतांना त्यांचें मोल कळतें.

बटणांच्या जागा ठरविण्यापूर्वीं त्या घरांत राहणाऱ्या सूनबाईंस विचारावें. हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. शेगडी कोठें, टेबल कोठें, पाळणा कोठें, हें त्यांनाच ठाऊक. जिन्याच्या दिव्यास मात्र खालीं व वर अशीं दोन बटणें हवींतच, म्हणजे अंधारांत कोणास पायरी चाचपावी लागणार नाहीं.

वेगळें मीटर घ्यावें काय, हा पत्रांतील शेवटचा प्रश्न आहे, आणि तो तारांचा नव्हे हें आम्ही जाणतों. एक मीटर म्हणजे एक घर, असें मानणारीं माणसें अद्याप आहेत. माडीच्या पेटीपाशीं केवळ वाचनापुरतें उपमीटर बसविलें तर बिल एकच राहतें आणि खर्चाचा वाटा कोणाच्या तोंडावर न बोलतां कळतो. मात्र तें बसवावयाचें कीं नाहीं, हें दीर-भावजयांनीं काम सुरू होण्यापूर्वींच बसून ठरवावें. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें, आणि वीज सोडण्यापूर्वीं मेगरची चांचणी आपल्यादेखत करून तिचा लेखी दाखला मागावा.

जिन्याच्या छपरासंबंधीं आलेल्या पत्रांस पुढील अंकीं उत्तर देऊं.