मोसंबीची पेढी आणि तिचे संकेतस्थळ

धुळे-सोलापूर महामार्ग जेथे गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात शिरतो, त्या जालना जिल्ह्यातील शहागडच्या एखाद्या मोसंबीच्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीसाठी संकेतस्थळ उभारण्याचे मनात आणले, तर रंगसंगती आणि सरकत्या चित्रांच्या मोहात पडण्यापूर्वी त्याने कोऱ्या कागदावर एवढेच लिहून काढावे की, परगावचा आडत्या येथे कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत येणार आहे: आंबिया बहाराचा माल कधी तुटतो, मृगाचा कधी, एका खेपेस किमान किती उचलावा लागतो, आणि मालमोटार कोठे लागते. हा तपशील पहिल्याच पानावर, दूरध्वनी क्रमांकाच्या शेजारी असावा. मालकाचे भव्य छायाचित्र (ज्याचा आग्रह बहुधा मालकाचाच असतो) मागच्या पानावर गेले तरी व्यापाराची यत्किंचितही हानी होत नाही. मजकूर चित्रात कोरून न ठेवता युनिकोड देवनागरीतच टंकित करावा, कारण शोधयंत्राला अक्षरे सुलभतेने वाचता येतात, आणि शेताच्या बांधावरील क्षीण जोडणीवरही पान तत्काळ उघडते. संकेतस्थळाच्या नावासाठी २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्ययही उपलब्ध आहे. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन आहे खरे, परंतु ती मुद्रा पानावर झळकवण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंदणी करावी लागते; आणि संकेतस्थळाच्या नावाची नोंद तर ते घडवणाऱ्या कारागिराच्या नव्हे, पेढीच्याच नावे झाल्याची खातरजमा पहिला हप्ता देण्यापूर्वीच करून घ्यावी.