बॉनेटखाली काय आहे?

जोडून तयार करावयाच्या छोट्या मोटारींच्या संचात इंजिनाचे बारीकसारीक भाग हवेत काय? पुष्कळ पालक म्हणतात, "बॉनेट बंद झाल्यावर ते कोणाला दिसणार? उगाच जास्त पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे.

१५९८ साली आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव डच लोकांनी दिले. त्यांच्याच देशात याची दोन उत्तरे सापडतात. हेग येथील मादुरोडाम ही चिमुकली नगरी १९५२ साली खुली झाली. तेथील इमारती मूळच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या. त्या बाहेरून पाहावयाच्या, म्हणून बाह्यरूप हुबेहूब असले की पुरे.

परंतु आइंडहोवेनच्या डाफ कंपनीने १९५८ साली डाफ ६०० ही मोटार लोकांपुढे आणली. तिचे इंजिन दोन सिलिंडरचे व हवेने थंड होणारे. खरी करामत मात्र मागच्या चाकांपाशी होती. तेथील रबरी पट्टे आणि पुल्या वेगानुसार आपोआप जुळवून घेत, चालकाला गिअर बदलावा लागत नसे. ही मोटार नुसत्या सांगाड्याने मुलाला काय समजणार?

म्हणून आम्हास वाटते की लहानग्यांना सोपा संच पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना मात्र इंजिनासकट एक तरी संच द्यावा. बॉनेट लावण्यापूर्वी विचारावे, "इंजिनाची गती चाकापर्यंत कशी जाते?" मुलाने बोट ठेवून सांगितले, की पैसे वसूल झाले. पुढे ते झाकले गेले तरी हरकत नाही. ज्याने बसविले, त्याने पाहिलेले असते.